सॅम्पल कापण्याआधी: सोलापुरातल्या बीट करणाऱ्यांसाठी, डीजेंसाठी आणि छोट्या स्टुडिओंसाठी कॉपीराइटची वाट

गणपती जवळ आले की माझ्या रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत रोज एखादा तरी मुलगा पेनड्राइव्ह घेऊन येतो, आणि त्या पेनड्राइव्हमधला माल बहुधा एकाच जातीचा असतो: जुन्या लोकगीताची एक ओळ, तिच्याखाली हलगीचा तुकडा, वर मंडळाच्या नावाचा पुकारा आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी एक दणकट बीट. काम पुष्कळदा खरोखर चांगले असते. मात्र त्यानंतरची विनंती ठरलेली असते, ती अशी की पट्टी थोडी चढवून, वेग थोडा वाढवून, यूट्यूबची स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, येणार नाही असे काहीतरी करून द्यावे. पट्टी चढवल्याने गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्राला काही दिवस चकवता येते. हक्क मिळत नाही. आज न ओळखलेले गाणे मूळ मालकाने आपली फाइल यंत्रणेत भरल्यावर दोन वर्षांनीही ओळखले जाते, आणि तोवर ते मंडळाच्या नावाने सगळीकडे पोचलेले असते. म्हणून हा लेख यंत्राला चकवण्याविषयी नाही. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा आपल्या गाण्यात घ्यायचा असेल तर कोणत्या क्रमाने जावे, कोणते कागद करावेत आणि कुठे तो तुकडा सोडूनच द्यावा, हे तो सांगतो. मी वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत या भानगडींत माझे हात इतके पोळले आहेत की वकिलाकडे जाण्याआधीची तयारी मला नीट सांगता येईल.

आधी एका गाण्याचे दोन हिस्से करा

आपण ज्याला 'गाणे' म्हणतो त्यात कायद्याच्या नजरेने किमान दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, म्हणजे या हिश्श्यातही दोन मालक असू शकतात. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात: त्या दिवशी, त्या गायकाने, त्या वादकांसह गायलेला आणि फितीवर उतरलेला प्रत्यक्ष आवाज. हा हक्क सुरुवातीला ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा असतो, गायकाचा नव्हे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जे हक्क दिले आहेत, त्यांत 'ते ध्वनिमुद्रण ज्यात समाविष्ट आहे असे दुसरे ध्वनिमुद्रण करणे' हा हक्क आहे. कायद्यात 'सॅम्पलिंग' हा शब्द नाही, पण सॅम्पलिंग म्हणजे हेच. तेव्हा जुन्या गाण्याचा तुकडा जसाच्या तसा कापून घेतला तर मास्टरच्या मालकाची आणि रचनेच्या मालकांची, अशा दोन्हीकडच्या परवानग्या लागतात. तीच ओळ आपल्या गायकाकडून नव्याने गाऊन घेतली तर मास्टरचा प्रश्न सुटतो आणि रचनेचा तेवढा उरतो. हा एवढा भेद ज्याच्या डोक्यात पक्का बसला, त्याचे निम्मे काम झाले.

आपल्याकडे एक जुनी सवय आहे, ती इथे आड येते. भजनाच्या आणि शाहिरीच्या पुस्तिकांत गीताच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून त्यापुढे एखाद्या गाजलेल्या सिनेगीताचा मुखडा छापलेला असतो. सोलापुरात तर तेलुगू आणि कन्नड गाण्यांच्या चालींवर मराठी शब्द बसवणारे गल्लोगल्ली सापडतात. शब्द आपले असल्यामुळे गाणे आपलेच झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. चाल ही स्वतंत्र संगीतकृती आहे आणि तिचा मालक दुसरा आहे, हे त्यांना मूळ मालकाचा पहिला क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आल्यावरच कळते.

सात सेकंदांचा नियम विसरून जा

कोणी म्हणतो सात सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो, कोणी म्हणतो दहा, कोणी म्हणतो आठ मात्रा. असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. कायदा 'कृती किंवा तिचा महत्त्वाचा भाग' असे शब्द वापरतो, आणि महत्त्व हे घड्याळावर मोजले जात नाही. तुकडा ऐकताच मूळ गाणे डोळ्यांसमोर उभे राहते की नाही, यावर मोजले जाते. आता गंमत अशी की सॅम्पल घेणारा नेमका तोच तुकडा उचलतो जो चटकन ओळखू येतो, कारण ओळखू येणार नसेल तर तो घेऊन उपयोग काय? म्हणजे आपल्या निवडीनेच आपण 'महत्त्वाचा भाग' उचलल्याची कबुली देत असतो.

मुंबई उच्च न्यायालयात २००८ साली संगीतकार राम संपत यांनी 'क्रेझी ४' या चित्रपटाच्या निर्मात्यांविरुद्ध दावा लावला होता. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेली आपली छोटीशी धून चित्रपटातल्या गाण्यांत वापरली, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने अंतरिम मनाई दिली, चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर होता आणि प्रकरण दोन कोटी रुपयांवर मिटले. ते सॅम्पलिंग नव्हते, धुनेची उचल होती. पण छोटा तुकडा म्हणजे छोटी जोखीम हे समीकरण तिथेच मोडते.

परदेशात सॅम्पलिंगवर थेट निकाल आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००५ साली 'ब्रिजपोर्ट' प्रकरणात स्पष्ट सांगितले की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. त्याच देशातल्या दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ साली मॅडोनाच्या एका गाण्याच्या प्रकरणात अतिशय क्षुल्लक तुकड्याला माफी दिली. जर्मनीत 'क्राफ्टवेर्क' या गटाच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणातल्या दोन सेकंदांच्या तालावरून वीस वर्षांहून अधिक काळ खटला चालला, आणि २०१९ साली युरोपीय न्यायालयाने म्हटले की कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला तुकडा सोडला तर अगदी लहान तुकड्यालाही परवानगी हवी. आपले गाणे इंटरनेटवरून या सगळ्या देशांत वाजते, तेव्हा त्यांतल्या सैल निकालावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

मुदत संपली आहे का, ते मोजा

परवानगी मागण्याआधी ती लागते का हे बघावे. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे चालतो. दोन्ही गणिते वेगवेगळी करावी लागतात, आणि गफलत इथेच होते.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. त्यांच्या शब्दांचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत राहतो. 'ते तर जुने शाहीर, त्यांचे सगळे लोकांचे' असे म्हणून त्यांचा पोवाडा बीटवर चढवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. उलट १९६४ साली बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकेचा मास्टरवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. पण तिच्यातला गीतकार १९८५ पर्यंत जगला असेल तर शब्द २०४५ अखेरपर्यंत बांधलेले आहेत. म्हणजे आवाज मोकळा आणि शब्द कुलपात, अशी स्थिती सहज उद्भवते. अशा मुद्रिकेतला शब्द नसलेला तुकडा घेतला तरी चाल कोणाची हे बघावेच लागते.

ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग, सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली कन्नड वचने, अण्णासाहेब किर्लोस्करांची नाट्यपदे यांचे शब्द निःसंशय मोकळे आहेत. परंतु अभंगाला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते आणि त्या चालीचे ध्वनिमुद्रण कंपनीचे असते. तुकोबांचे नाव सांगून कोणा कंपनीचा मास्टर सुटत नाही.

मालक शोधा, आणि छापलेल्या नावावर थांबू नका

सर्वांत कष्टाची पायरी हीच. सुरुवात वस्तूपासून करावी. कायद्याच्या कलम ५२ए प्रमाणे ध्वनिमुद्रणावर किंवा त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रसिद्धीचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. म्हणून जुन्या कॅसेटचे आतले कव्हर फेकू नये. गाण्याची फाइल कुठेही मिळते, ते कव्हर मिळत नाही. गाणे इंटरनेटवर अधिकृतपणे असेल तर वर्णनात वर्तुळातल्या 'पी' या खुणेपुढे वर्ष आणि मास्टरच्या मालकाचे नाव असते. शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस या, १९६९ साली स्थापन झालेल्या, गीतकार-संगीतकार-प्रकाशकांच्या संस्थेकडे चौकशी करावी. एचएमव्हीच्या शिक्क्याच्या मुद्रिकांचा भला मोठा साठा ग्रामोफोन कंपनीचा, आणि तिचेच नाव २००० साली सारेगामा झाले, हे माहीत असले की पुष्कळ फेरे वाचतात.

पण छापलेले नाव हा पुरावा नसून केवळ धागा आहे. दोन गाजलेली प्रकरणे सांगतो, कारण दोन्हींत मूळ गाणी हिंदी आहेत आणि दोन्हींत मालकीच्या कागदांनी घोळ घातला. 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातले बप्पी लाहिरींचे आणि लता मंगेशकरांच्या आवाजातले 'थोडा रेशम लगता है' हे गाणे अमेरिकेत २००२ साली 'ॲडिक्टिव्ह' या गाण्यात परवानगीवाचून वापरले गेले. लॉस एंजलिसच्या न्यायालयाने लाहिरींच्या श्रेयनामाशिवाय त्या सीडीची विक्री रोखली, तेव्हा आपल्याकडे मोठा आनंद झाला. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. कॉपीराइट लाहिरींचा नसून चित्रपटाच्या व्यवहारात तो आधीच दुसऱ्याकडे गेला होता, असे निष्पन्न झाले, त्यांचा कॉपीराइटचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या वकिलाला झालेला दंड अपील न्यायालयाने २०१० साली कायम केला.

दुसरे प्रकरण 'आराधना' चित्रपटातल्या 'बागों में बहार है' या गाण्याचे. त्यातला सुमारे एका सेकंदाचा तुकडा टिंबालंड या निर्मात्याने केलेल्या एका रॅप गाण्यात होता. सारेगामाने दावा केला आणि २०११ साली अपील न्यायालयातही तो हरला, कारण १९६० च्या दशकातल्या मूळ कराराचा अर्थ लावल्यावर त्या ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आपला आहे हे कंपनीला दाखवता आले नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे होते, तर तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या कॅसेट कंपनीच्या जुन्या भागीदाराने 'सगळे हक्क माझ्याकडेच आहेत' असे सांगितले तर काय करायचे? मूळ करार दाखवा असे नम्रपणे म्हणायचे. कागद दाखवता येत नसेल तर पैसे देऊ नयेत. मी एकदा दिले होते. तीन महिन्यांनी दुसऱ्याच कंपनीचा क्लेम आला आणि पहिल्या गृहस्थांनी फोन उचलणे थांबवले.

परवानगीचे पत्र

मालक सापडल्यावर फोन करून 'जरा एक तुकडा घेऊ का' असे विचारू नये. त्याला उत्तर मिळत नाही, किंवा 'घ्या की' असे उत्तर मिळते आणि त्याची किंमत शून्य असते. लेखी अर्ज करावा. त्यात मूळ गाण्याचे नाव, वर्ष, अल्बम किंवा चित्रपट, तुकडा मूळ गाण्यात कितव्या मिनिट-सेकंदाला सुरू होऊन कितव्याला संपतो, आपल्या गाण्यात तो किती वेळा आणि एकूण किती सेकंद येतो, त्याचा वेग किंवा पट्टी बदलली आहे का, गाणे कुठे कुठे प्रसिद्ध होणार आणि त्यातून पैसे मिळवायचे आहेत की नाही, हे सगळे असावे. कच्चे गाणे सोबत जोडावे. गाणे प्रसिद्ध करून मग परवानगी मागणाऱ्याच्या हातात सौदा करायला काही उरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मोबदला बहुधा एकरकमी, उत्पन्नातला वाटा, किंवा दोन्ही मिळून ठरतो. मोठ्या लेबलांकडून छोट्या कलाकाराला कित्येकदा उत्तरच येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. छोटी मराठी लेबले आणि गीतकारांचे वारस मात्र अनेकदा आनंदाने बोलतात, विशेषतः गाण्याचा मान राखला जाणार असेल तर. मान राखणे ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. कलम ५७ प्रमाणे रचनाकाराला, आणि त्याच्या पश्चात वारसांना, कृतीची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखता येते, आणि हा हक्क विकला तरी जात नाही. भीमगीताची किंवा भक्तिगीताची ओळ अचकट-विचकट शब्दांच्या मध्ये बसवणाऱ्याने मास्टर विकत घेतला तरी तो सुरक्षित नाही.

करार झाला तर कलम १९ डोळ्यांसमोर ठेवून तो वाचावा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि किती रॉयल्टी हे लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवर जाणाऱ्या गाण्याला 'फक्त भारत' पुरत नाही, म्हणून 'संपूर्ण जग' हे दोन शब्द आठवणीने घालून घ्यावेत.

दुसरी वाट: नव्याने वाजवून घेणे

मास्टर मिळत नसेल पण रचनेचा मालक तयार असेल, तर तीच ओळ आपल्या कलाकारांकडून नव्याने गाऊन-वाजवून घ्यावी. जुनाट खरखर हवी असेल तर ती नंतर घालता येते.

इथे कोणीतरी कलम ३१ सी ची आठवण करून देतो. या कलमात कव्हर आवृत्तीसाठी, म्हणजे आधीचे गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करण्यासाठी, परवाना आहे खरा, पण अटी बघाव्यात: मूळ ध्वनिमुद्रण झाले त्या वर्षाच्या अखेरीनंतर ५ वर्षे गेलेली असावीत, आगाऊ सूचना द्यावी, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी, माध्यम मूळ ध्वनिमुद्रणाचेच असावे आणि रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करू नये. बदल करणे हाच ज्याचा धंदा, त्या सॅम्पल करणाऱ्याला हे कलम कामाचे नाही. मास्टरमधला तुकडा कापण्याची मुभा तर ते मुळीच देत नाही.

तिसरी वाट, आणि माझ्या मते सोलापूरकरांसाठी सर्वांत चांगली

मुंबईच्या कंपनीच्या मास्टरमधून हलगीचा चार मात्रांचा तुकडा चोरायचा आणि तो सोलापुरात बसून, ही गोष्ट मला आजवर समजलेली नाही. हलगीचे पारंपरिक ठेके कोणाच्या मालकीचे नाहीत. मालकी ध्वनिमुद्रणाची असते, आणि ते आपण केले तर आपली. हलगीवाल्याला सन्मानाने बोलवावे, हलगी शेकून तापवायला त्याला वेळ द्यावा, कातडे उतरले की पुन्हा तापवू द्यावे आणि तेच ठेके वेगवेगळ्या लयींत भरपूर वाजवून घ्यावेत. एका माइकवर विसंबू नये. एक जवळ, एक चार-पाच हात दूर ठेवला की मिरवणुकीतला मोकळा आवाज मिळतो. लेझीमच्या डावाचे, संबळाचे, सनईचेही असेच करावे. एका रविवारी इतका माल जमतो की दोन वर्षे कोणाच्या दारात जावे लागत नाही.

मात्र कागद इथेही लागतो, आणि सर्वांत जास्त हयगय इथेच होते. वाजवणाऱ्याला कलम ३८ आणि ३८ए प्रमाणे कलावंताचे हक्क असतात. त्याच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण करणे हा त्याचा हक्क आहे आणि तो ५० वर्षे चालतो. म्हणून वाजवण्याआधी संमतीपत्र करावे. त्यात त्याचे नाव, दिनांक, जागा, काय वाजवले, किती पैसे दिले, हे आवाज तुकडे करून इतर गाण्यांत वापरले जातील आणि इतरांनाही वापरायला दिले जातील, मुदत, प्रदेश आणि त्याचे नाव श्रेयनामात येईल, हे त्याला समजेल अशा मराठीत लिहावे. घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल तर त्या भाषेत मोठ्याने समजावून सांगावे. आणखी एक गोम आहे: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो रद्द होतो, असे कलम १९ म्हणते, कराराने वेगळे ठरवले असेल तर गोष्ट निराळी. तुकड्यांचा साठा करणाऱ्याने 'वर्षभरात न वापरल्यास हक्क रद्द होणार नाही' हे वाक्य घालून घेतलेच पाहिजे. आणि पैसे त्याच दिवशी द्यावेत. आपल्याकडे हलगीवाल्याला 'नंतर बघू' म्हणण्याची जी रीत आहे, ती कायद्याच्या आधी माणुसकीलाच लाजिरवाणी आहे.

शहराचा स्वतःचा आवाजही आहे. पूर्व भागात एखाद्या कारखान्याच्या मालकाची परवानगी काढून यंत्रमागाजवळ दहा मिनिटे माइक धरला, तर धोट्याच्या ये-जा करण्यातून असा ठेका मिळतो की त्यावर बीट आपोआप उभी राहते. त्या आवाजाला रचनाकार नाही आणि कलावंतही नाही. ध्वनिमुद्रण मात्र संपूर्ण तुमचे. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांसमोरचा 'हर्र बोला हर्र'चा गजर टिपण्यासारखा आहे. फक्त तिथे काळजी अशी घ्यावी की मागे कुठल्या मंडपातल्या स्पीकरवर सिनेगीत वाजत नसावे, कारण आपल्या गजराच्या पाठीमागे हळू आवाजात ऐकू येणारे ते गाणे यंत्र आपल्या कानापेक्षा चटकन ओळखते.

विकत किंवा फुकट मिळणारे तयार लूप

लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारा तयार तुकडा. 'रॉयल्टी-फ्री' याचा अर्थ फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की पुन्हा पुन्हा रॉयल्टी द्यावी लागत नाही, एवढाच. परवान्याची प्रत आणि पावती जपून ठेवावी, कारण तोच लूप आणखी हजारांनी घेतलेला असतो आणि त्यांपैकी कोणीतरी आपले गाणे कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, भरून तुमच्यावर क्लेम लावतो. याच कारणाने, असा लूप जसाच्या तसा असलेले आपले गाणे आपणही कंटेंट आयडीत भरू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटींवर फुकट वापरू देणाऱ्या परवान्यांच्या, खुणा नीट वाचाव्यात: 'एनसी' असेल तर पैसे मिळवता येत नाहीत, 'एनडी' असेल तर तुकडा करून नवे गाणे करता येत नाही, 'बीवाय' असेल तर श्रेय द्यावेच लागते.

मिरवणुकीत चालते, मग इंटरनेटवर का नाही?

हा प्रश्न दरवर्षी येतो. कलम ५२ मध्ये प्रामाणिक धार्मिक विधीत, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेल्या समारंभांत, गाणे वाजवण्याला सूट आहे. ही सूट वाजवण्यापुरती आहे. वरातीसाठी रिमिक्स तयार करणे आणि मग तो मंडळाच्या चॅनेलवर चढवणे या वेगळ्या कृती आहेत, आणि त्यांना ती सूट लागू पडत नाही.

क्लेम किंवा स्ट्राइक आल्यावर

दोहोंत फरक आहे आणि घाबरलेल्या माणसाला तो दिसत नाही. कंटेंट आयडीचा क्लेम हा व्हिडिओवर असतो. बहुधा त्याचे उत्पन्न मालकाकडे वळते, क्वचित व्हिडिओ काही देशांत बंद होतो. स्ट्राइक ही चॅनेलवर असते. ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जाते. आपल्याकडे परवाना, संमतीपत्र किंवा मुदत संपल्याचा पुरावा असेल तरच क्लेमला आक्षेप घ्यावा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. आक्षेप फेटाळला गेला तर अपील करता येते आणि त्याला ७ दिवस मिळतात. पण अपिलानंतर समोरच्याने काढून टाकण्याची रीतसर मागणी केली तर स्ट्राइक येते, म्हणून अपील रागाच्या भरात करू नये. पुरावा नसेल तर क्लेम मान्य करून उत्पन्न सोडणे किंवा तो भाग बदलणे हाच स्वस्त मार्ग.

'सर, क्रेडिट दिले आहे', 'पैसे कमावलेले नाहीत', 'कॉपीराइटचा हेतू नाही' ही वाक्ये वर्णनात लिहिल्याने काहीही होत नाही.

प्रकरण पुढे गेले तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. दुकानात किंवा स्टुडिओत पोलीस उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी येऊन प्रती जप्त करू शकतो. दुसरीकडे, कंपनीच्या नावाने फोन करून 'आत्ता पैसे पाठवा नाहीतर अटक' असे म्हणणारे भामटेही आहेत. अशा वेळी लेखी नोटीस मागावी आणि ती घेऊन वकिलाकडे जावे. धमकी निराधार असेल तर कलम ६० प्रमाणे आपणच न्यायालयात जाऊन ती निराधार असल्याचे जाहीर करून मागू शकतो, ही तरतूद छोट्या माणसांना ठाऊक नसते.

तुमचाच तुकडा कोणी उचलला तर

ही वेळ आता सोलापूरवरही येऊ लागली आहे. इथे वाजवलेली हलगी पुण्या-मुंबईच्या गाण्यांत बिनपत्त्याची ऐकू येते. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणीचे प्रमाणपत्र न्यायालयात उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन होतो. संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कच्च्या फाइल्स, प्रोजेक्टची फाइल आणि संमतीपत्रे दोन वेगळ्या ठिकाणी तारखेसह ठेवावीत. प्रसिद्ध करताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक घ्यावा.

तुकडा सापडल्यावर आधी त्या गाण्याची प्रत, दुवा, तारीख आणि प्रेक्षकसंख्या यांची नोंद करावी, मग संकेतस्थळाला लेखी तक्रार द्यावी. भारतीय नियमांप्रमाणे तक्रार ग्राह्य वाटल्यास संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर थांबवायचा असतो. पण २१ दिवसांत आपण न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. म्हणून तक्रार करण्याआधीच वकिलाशी बोलून ठेवावे. दाव्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही: कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे समोरची कंपनी कुठलीही असली तरी तारखेला तिच्याच वकिलाला सोलापूरची गाडी पकडावी लागते.